मोटारीच्या पोटातले तेल

दिवाळी हा तेलाचा सण आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला चोळतो ते तेल, अंगणातल्या पणतीत घालतो ते तेल, आणि चकल्या-करंज्यांसाठी कढईत ओततो तेही तेलच. संस्कृताने तर तेलाला आणि मायेला मिळून एकच शब्द दिला आहे : स्नेह. या तिन्ही तेलांविषयी दिवाळी अंकांतून आजवर पुष्कळ लिहून आलेले आहे. मी आज एका चौथ्या तेलाविषयी लिहिणार आहे. ते कोणास दिसत नाही. घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीच्या पोटात ते तीन-चार लिटर असते. दसऱ्याला त्याच मोटारीला आपण झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, कुंकवाची बोटे ओढतो. पण पोटातल्या त्या तेलाची आठवण त्या दिवशी कोणालाच होत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवतो. अग्नीचा शोध, चाकाचा शोध, वाफेच्या शक्तीचा शोध हे धडे मुलांना दरवर्षी सांगतो. पण चाक आणि आस यांच्या मध्ये काय घातले म्हणून ते चाक वर्षानुवर्षे फिरले, याचा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात मी पाहिलेला नाही. जे पेटते, जे धावते, जे आवाज करते त्याचा इतिहास लिहिला जातो. तेल मुकाट्याने काम करते आणि काम करता करताच खराब होते. त्याची नोंद कोण ठेवणार? म्हणून ती येथे थोडक्यात ठेवावी असा विचार आहे.

आरंभ फार जुना आहे. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाच्या एका प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीचे एक भित्तिचित्र होते. त्यात एक प्रचंड पुतळा लाकडी घसरगाड्यावर ठेवलेला असून पावणेदोनशेच्या आसपास माणसे तो दोरांनी ओढीत आहेत. पुतळ्याच्या पायाशी एक माणूस उभा आहे आणि तो घसरगाड्यापुढच्या जमिनीवर भांड्यातून काहीतरी ओतीत आहे. पुष्कळ दिवस पंडितांना हा धार्मिक विधी वाटला. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले, की वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळले तर जड वस्तू ओढण्यास लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. तेव्हा तो ओतणारा माणूस भटजी नसून वंगणवाला असावा, असे मानावयास जागा आहे. दोर ओढणारे इतके जण, आणि ओतणारा एक! पण तो एकटा नसता तर ओढणारे किती लागले असते याचा हिशेब करून पाहावा.

आपल्याकडे वंगण हा शब्द बैलगाडीने घरोघर नेला. माझ्या आजोबांच्या गाडीच्या आसाशेजारी बांबूचे एक नळकांडे टांगलेले असे, आणि त्यात एरंडेलात कालवलेले काळेभोर वंगण असे. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी कुणी काढून चाक सरकवायचे, आसाला वंगण चोपडायचे, मग बैल जुंपायचे. ज्या गाडीची चाके करकरत येत, तिच्या धन्याला गावात आळशी समजत. चाकाच्या आवाजावरून माणसाची पारख करण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

वाफेची एंजिने आली तेव्हा प्रथम हीच घरगुती तेले त्यांना घालून पाहण्यात आली. गुराढोरांची वितळवलेली चरबी एंजिनच्या सिलिंडरात सोडीत. कापडगिरण्यांतल्या भरभर फिरणाऱ्या चात्यांना आणि घड्याळांना मऊ, पातळ तेल लागे. त्यासाठी समुद्रात व्हेल माशांची कत्तल झाली. या जनावराच्या डोक्यातले तेल इतके उत्तम, की मोटारींच्या काही गिअरपेट्यांत ते थेट १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत वापरात होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हा साहिब, सिंध आणि सुलतान या तीन एंजिनांनी ती ओढली हे पुष्कळांना पाठ असते. त्या एंजिनांच्या सांध्यासांध्यांत तेल सोडणारे हात कोणाचे होते, ते कोणीच टिपून ठेवलेले नाही. पुढे हिंदुस्थानातल्या रेल्वेवर एरंडेलही वंगण म्हणून पुष्कळ वापरले गेले. बैलगाडीच्या नळकांड्यातले तेल आगगाडीच्या चाकापर्यंत असे पोहोचले.

या अज्ञात तेलवाल्यांपैकी एकाचे नाव मात्र इतिहासात राहिले. इलायजा मॅकॉय हा काळा मुलगा कॅनडात जन्मला. त्याचे आईबाप अमेरिकेतल्या केंटकी संस्थानातून गुलामगिरी चुकवून पळालेले होते. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला स्कॉटलंडला धाडले आणि तो यंत्रविद्या शिकून परत आला. पण गोऱ्यांच्या रेल्वेत काळ्या माणसाला इंजिनिअरची जागा कोण देणार? मिशिगन सेंट्रल रेल्वेवर त्याला भट्टीत कोळसा टाकण्याचे आणि सांध्यांना तेल घालण्याचे काम मिळाले. त्या काळी थोड्या थोड्या वेळाने गाडी उभी करावी लागे. तेलवाला उतरे, तेल घाली, आणि मग गाडी पुढे सरके. मॅकॉयने एंजिन चालू असतानाच त्याला आपोआप ठिबकत तेल पोहोचवणारे एक भांडे तयार केले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. शिकलेल्या माणसाला हलक्या कामावर बसवले, तर तो ते कामच बदलून टाकतो, याचे याहून चांगले उदाहरण मी वर्गात सांगू शकत नाही.

तोपर्यंत तेलाची जातही बदलू लागली होती. १८५९ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया संस्थानात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकने ६९ फूट खोल भोक पाडून जमिनीतून तेल काढले. सगळ्यांना हवे होते दिव्याचे रॉकेल. रॉकेल काढून घेतल्यावर तळाशी राहणारा चिकट गाळ हा निरुपयोगी माल मानला जाई. १८६६ साली दोन ठिकाणी त्या गाळाचे नशीब उघडले. जॉन एलिस नावाचा एक डॉक्टर कच्च्या तेलात काही औषधी गुण आहेत का हे शोधीत होता; औषध मिळाले नाही, पण वाफेच्या एंजिनात चरबीप्रमाणे न चिकटणारे वंगण त्याला सापडले. त्याच वर्षी रॉचेस्टर गावी मॅथ्यू ईविंग नावाचा सुतार निर्वात भांड्यात तेल उकळून अधिक रॉकेल काढण्याच्या खटपटीत होता. त्याचा भागीदार हायरम एव्हरेस्ट याच्या नजरेने मात्र तळाचा गाळ हेरला. तो प्रथम घोड्यांच्या चामडी साजाला लावण्याचे तेल म्हणून खपला आणि मग यंत्रांकडे वळला. ज्या तेलाने पुढे घोड्याची नोकरी घालवली, ते आधी घोड्याच्या साजाला लागले होते, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पण तेल नेमके करते तरी काय? हे तोवर कोणासही ठाऊक नव्हते. तेल घातले की चाक हलके फिरते, एवढेच माहीत होते. १८८३ पासून पुढे इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हे गृहस्थ रेल्वेच्या आसावर प्रयोग करीत होते. तेल आत जावे म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले होते. आस फिरू लागताच भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले! टॉवरसाहेबांनी भोकात बूच मारले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत निघून आली. शेवटी तेथे दाब मोजण्याचे घड्याळ बसवले, तर काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे जाऊ पाहत होता. म्हणजे एवढे वजन असलेले बेअरिंग आसावर टेकलेलेच नव्हते. ते तेलाच्या एका पातळ थरावर चक्क तरंगत होते. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्स या प्राध्यापकांनी या तरंगण्याचे गणित मांडले. फिरणारा आस स्वतःच आपल्याबरोबर तेल ओढून घेतो, निमुळत्या फटीत ते कोंबतो, आणि त्या कोंबण्याच्या दाबावर लोखंडाला लोखंड शिवत नाही. आपल्या मोटारीत आज जे घडते ते हेच. गाडी चालू असते तेव्हा एंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, केसाहूनही बारीक अशा तेलाच्या पडद्यावर फिरत असतो. तो पडदा फाटला की संपले.

पडदा जाड हवा की पातळ, हा प्रश्न येथूनच निघाला. तेल फार पातळ असेल तर पडदा टिकत नाही. फार जाड असेल तर थंड एंजिनात वेळेवर पोहोचत नाही, आणि त्याला ढवळण्यातच पेट्रोल खर्ची पडते. तेल निवडणे म्हणतात ते हेच. बाकी डब्यावरचे रंग आणि चित्रे.

पहिल्या मोटारींत तेल बदलण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण तेल टिकतच नसे. काही एंजिनांत ते ठिबकत आत जाई, जळे, गळे आणि रस्त्यावर सांडे. घातले ते संपले की नवे घालायचे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत तेल तळाच्या भांड्यात साठू लागले आणि फिरणारे भाग ते आपल्या अंगावर उडवून घेऊ लागले. तेल किती आहे हे पाहण्याची पट्टी त्या गाडीला नव्हती. खाली दोन तोट्या होत्या. मालकाने गाडीखाली वाकून त्या उघडायच्या. वरच्या तोटीतून तेल आले तर पुरेसे, खालच्या तोटीतूनही आले नाही तर मोठी पंचाईत. आपण आज बॉनेट उघडून डिपस्टिक पुसतो आणि तेवढ्यानेही हात खराब झाले म्हणून कुरकुरतो!

तेच तेल पुन्हा पुन्हा फिरू लागले आणि मग ते घाण होऊ लागले. तेल बदलण्याचा इतिहास या साठवणीपासून सुरू होतो.

मध्यंतरी आपल्या एरंडेलाने एकवार जग गाजवले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये वंगणाचे दुकान थाटले आणि १९०९ साली एरंडेल मिसळलेले मोटारीचे तेल विकावयास काढले. एरंडेलाचे इंग्रजी नाव कॅस्टर ऑइल. त्यावरून तेलाचे नाव पडले कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धात विमानांना अशी एंजिने असत, की पंख्याबरोबर आख्खे एंजिनच गरगर फिरे. त्यांना एरंडेल फार मानवे, कारण ते पेट्रोलात विरघळत नाही. पण न जळलेले एरंडेल तोंडावर उडे आणि वैमानिकांच्या पोटात जाई. त्याचा परिणाम काय होत असेल हे लहानपणी आजीच्या हातून एरंडेल प्यालेल्या वाचकांस मी सांगावयास नको. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तेथील सरकारने एक लाख एकरांहून अधिक पेरा होईल इतके एरंडाचे बी आशियातून मागवले. युद्ध संपले, खनिज तेल सुधारले आणि एरंडेल मागे पडले; कारण तापून तापून ते डिंकासारखे चिकट होते. आजही जगात सर्वांत जास्त एरंडी हिंदुस्थानातच, आणि त्यातही मुख्यत्वे गुजरातेत पिकते.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे येऊ. अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांच्या सोसायटीने, जिला आपण एसएई म्हणतो, १९११ साली तेलाच्या वर्गवारीचे पहिले नियम केले. पुढे त्यात सुधारणा होत १०, २०, ३०, ४० असे आकडे रूढ झाले. आकडा जितका मोठा तितके तेल जाड. थंड देशांत हिवाळ्यात पातळ तेल आणि उन्हाळ्यात जाड तेल अशी वर्षातून दोनदा अदलाबदल करावी लागे. १९५० च्या दशकात दोन्ही ऋतूंना चालेल असे तेल निघाले. डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असे लिहिलेले असते ते तेच. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. दुसरा आकडा एंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, ते किती जाड राहते ते सांगतो. एवढे कळले की निम्मे शास्त्र कळले.

घाणीचा बंदोबस्त मात्र सावकाश झाला. १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी तेलाची गाळणी केली. पण गाळणीने खडे निघतात. तेलात विरघळलेली काजळी, आम्ल आणि पाण्याची वाफ निघत नाही. १९३५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डिझेल ट्रॅक्टरांच्या पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटून बसू लागल्या, तेव्हा तेलात साबणासारखे काम करणारी द्रव्ये मिसळण्याची युक्ती निघाली. ही द्रव्ये घाण धुऊन काढतात आणि तळाशी न बसू देता तेलातच तरंगत ठेवतात. या दिवसापासून चांगले तेल ओळखण्याची जुनी खूण उलटी झाली. पूर्वी तेल काळे पडले की ते वाईट म्हणत. आता थोडे चालून तेल काळसर झाले, तर ते धुण्याचे काम करीत आहे असे समजावे.

आमच्या गावच्या मिस्त्रींनी हे मला एकदा चार शब्दांत सांगितले. मी डिपस्टिकवरचे काळे तेल पाहून तोंड वाकडे केले, तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, तेल काळं झालं म्हणून भिऊ नका. हजारो किलोमीटर पळवूनसुद्धा ते पिवळंधमक राहिलं, तर मग भ्या. घाण गेली कुठं? आतच बसली ना!” घरी आल्यावर मी हा दाखला सौभाग्यवतींना सांगितला. त्या चकल्या तळीत होत्या. कढईकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “मग यात नवीन काय आहे? हे तेलसुद्धा दोनदा तळलं की मी बाजूला काढते. ते दिसायला बरं असलं तरी त्यातला जीव गेलेला असतो.” रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनचूक आहे. हवा आणि उष्णता यांनी तेल जुने होते, घट्ट होते, आंबट होते; मग ते कढईतले असो वा मोटारीतले. मोटारीतल्या तेलात घातलेली धुण्याची द्रव्येही कामी येऊन संपत जातात. म्हणून गाडी फार चालली नाही, तरीसुद्धा वर्षातून एकदा तेल बदलावे असे सांगतात. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे एंजिन पुरते तापत नाही, आणि जळणातून निघालेले पाणी तेलातच मुरते. सावकाश, थोडी चालवली म्हणून तेल टिकले, हा हिशेब खोटा आहे.

गुणांची प्रत ठरवण्याचे कामही टप्प्याटप्प्याने झाले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९४७ साली तेलाचे तीनच प्रकार केले होते : साधे, वरच्या दर्जाचे, आणि जड कामाचे. आज डब्यावर एपीआयपुढे दोन-दोन अक्षरे असतात, त्यांचा उगम हा. उदाहरणार्थ, पेट्रोल गाड्यांसाठी ‘एसपी’ ही प्रत २०२० साली आली. जाडी सांगतो तो आकडा, गुण सांगते ते अक्षर. आणि दोन्ही पाहावयाचे असतात. प्रयोगशाळेत रेणू जुळवून केलेले सिंथेटिक तेल १९७० च्या दशकात सामान्य मोटारवाल्याच्या हाती आले. ते महाग असते, पण उष्णतेत अधिक टिकते.

आपल्या देशात हा सगळा इतिहास दाटीवाटीने, थोड्या वर्षांत उरकला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५४ आणि १९५५ साली मुंबईत ट्रॉम्बे येथे तेलशुद्धीचे दोन कारखाने लागोपाठ उभे राहिले. १९७२ साली इंडियन ऑइलचे ‘सर्व्हो’ हे देशी नावाचे वंगण आले. फियाट, पद्मिनी आणि ॲम्बॅसडर या गाड्यांवर आपल्याकडच्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या शिकल्या. त्या एंजिनांतल्या फटी आजच्या मानाने मोठ्या, आपल्याकडे ऊन कडक. त्यांना जाड तेल मानवे. त्यातून एक समजूत घट्ट बसली : तेल जितके जाड तितके एंजिन सुरक्षित. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, मागून नव्या नव्या गाड्या आल्या, एंजिने घट्ट बांधणीची झाली; ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. समजूत मात्र मागे राहिली.

आणि हा निव्वळ पुस्तकी वाद नव्हे. मध्यमवर्गीय घरात मोटार येते ती पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी. तिच्यापायी कोणाचे दागिने, कोणाचा प्रवास, कोणाचे घराचे रंगकाम पुढे ढकललेले असते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांना वाटे, की तेल बदलणे ही गॅरेजवाल्यांनी काढलेली कमाईची वाट आहे. गाडी तर मऊ चालते, मग कशाला? दोन वर्षे त्यांनी डिपस्टिकही ओढून पाहिली नाही. लेकीला सासरी पोहोचवावयास निघाले असता खंबाटकीच्या चढावर लाल दिवा लागला. “घाट चढून जाऊ, मग बघू,” म्हणाले. घाट चढून झाला नाही. एंजिन उघडले तेव्हा तळाच्या चेंबरात तेल नव्हते, डांबरासारखा गाळ होता, आणि क्रँकची बेअरिंगे चाटून गेली होती. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्यांनी गाडी तशीच विकून टाकली. तेलही गेले, तूपही गेले, अशी त्यांची गत झाली. काही शे रुपये वाचवण्याच्या भरात एका कुटुंबाने सात वर्षे फेडलेली वस्तू एका चढावर गेली, हे मी विसरू शकत नाही.

मग कोणते तेल घालावे? माझे उत्तर वाचकांना फार साधे वाटेल. गाडीबरोबर आलेली पुस्तिका बहुधा खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडून असते. ती उघडावी. तिच्यात आकडा आणि अक्षर दोन्ही छापलेले असतात. टॉवर आणि रेनल्ड्सपासूनचे सव्वाशेहून अधिक वर्षांचे शहाणपण त्या एका ओळीत आलेले असते. नव्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे पातळ तेल सांगितलेले असते. हे तेल पाण्यासारखे दिसते म्हणून घाबरून जाड तेल घालू नये. त्या एंजिनातल्या फटीच तेवढ्या बारीक आहेत. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे धुराचे बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. भलत्या तेलाच्या राखेने ती चोंदते. किती दिवसांनी बदलावे, तेही पुस्तिकेतच असते. पुष्कळ गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी भरेल ते. धुळीत, गर्दीत आणि घाटांत चालणाऱ्या गाडीला त्याआधीच बदलावे, असेही त्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलेले आढळेल.

बदलताना गाडी थोडी चालवून आणावी. कोमट तेल घाणीसकट झटकन उतरते. गाडी सपाट जागी असावी. चेंबरचा नट सोडून तेल पुरते निथळू द्यावे, नटाचे वायसर नवे घालावे, गाळणीही त्याच वेळी बदलावी. धुतलेल्या मुलाला मळका सदरा कोणी घालत नाही. नवे तेल घालून एंजिन मिनिटभर चालवावे, बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल आले की नाही ते पाहावे. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. जास्त तेलाचा फेस होतो आणि फेसावर लोखंड तरंगत नाही. डबा आपल्या डोळ्यांदेखत फोडून घ्यावा. यात मिस्त्रीचा अविश्वास नाही. दूधवाल्याकडूनही आपण दूध मापूनच घेतो.

एक प्रकरण अजून लिहून व्हायचे आहे. चेंबरातून निघालेले काळे तेल कुठे जाते? खेडोपाडी ते वाळवी लागू नये म्हणून दारा-वाशांना फासतात, बांधकामावर सेंटरिंगच्या प्लेटांना चोपडतात, आणि उरलेले गटारात सोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हिशेब मांडून ठेवला आहे, की एका गाडीतून एका वेळी निघालेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते. आपल्याकडे वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्यांवरच ते गोळा करवून पुन्हा शुद्ध करवण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. हे तेल शुद्ध करून पुन्हा वंगण म्हणून वापरता येते. कारण तेल झिजत नाही, ते मळते. कायदा झाला, पण गॅरेजमागच्या ओढ्यापर्यंत तो पोहोचायचा असेल, तर “माझ्या गाडीचं काळं तेल तुम्ही कुठं टाकता?” हा प्रश्न गाडीच्या मालकालाच विचारावा लागेल. मी तो विचारू लागलो आहे. पहिल्यांदा मिस्त्री हसले. आता गॅरेजच्या कोपऱ्यात एक पिंप आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी टेम्पो येऊन ते घेऊन जातो.

विजेच्या मोटारी रस्त्यावर येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्या पोटात हे तेल लागत नाही. कदाचित आपली नातवंडे डिपस्टिक म्हणजे काय, हे पुस्तकातच वाचतील. तोवर घरोघरी कोट्यवधी एंजिने त्या केसाएवढ्या पडद्यावर फिरत राहणार आहेत. वाचकहो, भाऊबीजेला बहिणीकडे निघताना फराळाचा डबा, नारळ आणि ओवाळणीचे पाकीट घेतले की नाही, ते आपण दोनदा पाहतोच. त्याबरोबर बॉनेट उघडून ती पट्टी एकदा पुसून पाहावी. एक मिनिट लागते, आणि एक जुना फडका.